अडकित्त्यात अडकलेलं नाव

आजीच्या पानाच्या डब्यात पानं, चुन्याची डबी, काथ आणि सुपारी एवढं असायचंच. अडकित्ता डब्यात मावत नसे, म्हणून तो शेजारी पडलेला. पितळी, दांडे झिजून गुळगुळीत झालेला. सुपारी त्याच्यात अडकवून फोडतात म्हणून तो अडकित्ता, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. कुणाला विचारायची गरजही वाटली नाही. शब्दाच्या पोटातच अर्थ दिसत होता.

तो अर्थ साफ चुकीचा निघाला. कन्नडमध्ये सुपारीला 'अडिके' किंवा 'अडके' म्हणतात आणि ती कातरायच्या हत्याराला 'अडकत्तरी' किंवा 'अडकोत्तु'. शब्दाचा पहिला भाग सुपारीचा, दुसरा कातरण्या-तोडण्याचा. मराठीनं हत्यारासकट शब्द उचलला आणि पुढे त्यातली सुपारी विसरून गेली. परक्या शब्दाला आपल्या ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवायचा आणि मग त्याचा अर्थ सांगायचा, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. माझा 'अडकवणारा' अडकित्ता हा तिचा अस्सल नमुना.

गंमत पुढे आहे. या कानडी 'अडके'चं मल्याळममधलं भावंड म्हणजे 'अडक्का'. ते पोर्तुगीजांच्या कानावर पडलं, त्यांच्या कागदांवर उतरलं आणि 'अरेका' झालं. आज वनस्पतिशास्त्रात सुपारीच्या झाडाचं नाव 'अरेका कॅटेचू' असं आहे. म्हणजे त्या भारदस्त लॅटिन नावातली अरेका आणि आजीच्या हातातला अडकित्ता एकाच घराण्यातले. एक समुद्रमार्गे लिस्बनला गेली, दुसरा कर्नाटकातून चालत आपल्या माजघरात आला.

या झाडाच्या नावांचा माग काढायला बसलं की असंच होत राहतं. कुठल्या तरी बाजारात, कुणाच्या तरी कानावर, शेजारच्याच वस्तूचं नाव याला चिकटलेलं असतं. खुद्द पानाच्या डब्यातल्या जिनसांनी एकमेकांची नावं इतकी वापरली आहेत की शेवटी कोण कोणाच्या नावानं ओळखलं जातंय याचा हिशोब मांडावा लागतो. तो मांडून पाहू.

आधी झाड

पोफळ म्हणजे माडाच्या कुळातलं, पण माडापेक्षा कितीतरी सडपातळ झाड. उंची साधारण १० ते २० मीटर आणि खोडाची जाडी जेमतेम दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. खोडावर गळून गेलेल्या पानांच्या वळ्या, वर हिरव्या देठांची गुळगुळीत नळी आणि तिच्या टोकाला आठ-दहा झावळ्या. नळीच्या खालून फळांचे घड फुटतात. कच्ची फळं हिरवी, पिकली की केशरी. वरचं तंतुमय साल काढलं की आत ती टणक, जायफळासारखी नक्षी असलेली बी निघते. आपण जिला सुपारी म्हणतो ती ही बी.

हे झाड मूळचं आग्नेय आशियातलं. तिथून ते माणसांबरोबर पश्चिमेला भारतात आणि पूर्वेला प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलं. आपल्याकडे श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. गोव्याच्या कुळागरांत, म्हणजे घरालगतच्या बागांत, तर पोफळीखेरीज चित्रच पुरं होत नाही. वर पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरवेल, खाली केळी, मध्ये वाहता पाट. सुपारी पाडणारा एकदा वर चढला की दर झाडाला खाली उतरत नाही. शेंडा झुलवत झुलवत शेजारच्या पोफळीला हात घालतो आणि तसाच पलीकडे जातो. खोड लवचीक असल्याचा हा फायदा. तोटा काय, ते ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं दाखवलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नव्यानं लावलेली पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामापुरतं नव्हतं.

झाडाची ओळख एवढी पुरे. आता नावं.

पोफळ: संस्कृतातून, आणि पुन्हा समुद्रापार

पूजेत गुरुजी 'पूगीफलताम्बूलं समर्पयामि' म्हणतात आणि आपण मुकाट्यानं पानावर सुपारी ठेवतो. या वाक्यातली सुपारी म्हणजे 'पूगीफल', पूग नावाच्या झाडाचं फळ. 'पूगफल' या संस्कृत शब्दाचा प्रवास प्राकृतातून मराठीत कसा झाला ते पाहणं सोपं आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेलं 'ग'सारखं व्यंजन प्राकृतात बऱ्याचदा गळून पडतं. 'द्विगुण'मधला ग असाच गळाला आणि 'दुणा' झाला. पूगफलातला ग गेला, स्वर एकमेकांत मिसळले आणि प्राकृतात 'पोप्फल' झालं. तेच आपलं पोफळ. कोकणीत आणि जुन्या गुजरातीत त्यातला 'ह'कार पुढे सरकला आणि 'फोफळ' झालं. तेलुगूत 'पोक' राहिलं.

पूग या शब्दाला संस्कृतात आणखी एक अर्थ आहे: समूह, जमाव, लोकांचा संघ. आणि तिकडे तमिळमधल्या 'अडैक्काय'ची फोड द्राविडी भाषांचे अभ्यासक बिशप कॉल्डवेल यांनी केली ती 'अडै' म्हणजे दाटीवाटी आणि 'काय' म्हणजे फळ अशी. दाटीनं लगडणारं फळ. पोफळीचा घड एकदा जवळून पाहिला असेल तर दोन्हीकडे गर्दीच का आठवावी हे वेगळं सांगायला नको. आता पूगचे दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले असं मी म्हणत नाही. पण जुळणी सुंदर आहे, एवढं म्हणायला हरकत नाही.

भारतातून हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला. फारसीत 'पूपल' झाला, अरबीत 'प' नाही म्हणून 'फौफल' किंवा 'फूफल' झाला. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तांबूलाचं वर्णन करताना सुपारीला याच नावानं ओळखतो. अरबी व्यापारी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं येत होते. त्यामुळे कालिकतच्या बाजारात स्थानिक मल्याळम नावाबरोबर हे अरबी नावही सर्रास चालत असणार.

याचा मजेदार पुरावा एका इटालियन प्रवाशाकडे मिळतो. बोलोन्याचा लुडोविको दी वार्थेमा. त्याचं प्रवासवर्णन १५१० मध्ये रोममध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की हे लोक ती पानं खाताना सोबत एक फळ खातात, त्याचं नाव 'कोफोलो', आणि त्याच्या झाडाचं नाव 'अरेका'. कोफोलो म्हणजे अरबांचं फौफल, म्हणजेच फिरून आपलं पोफळ. एकाच वाक्यात दोन भाषांची नावं, आणि तीही उलटी बसवलेली. मल्याळममध्ये 'अडक्का' हे फळाचं नाव आहे आणि झाडाला 'कमुक' किंवा 'कवुंग' म्हणतात. वार्थेमानं फळाचं नाव झाडाला दिलं आणि फळाला अरबी नाव चिकटवलं. बाजारात उभं राहून, खाणाखुणांनी विचारून माहिती जमवली की असं व्हायचंच. पण युरोपातली अरेका अशी पहिल्याच पावलाला झाडावर जाऊन बसली, ती पुन्हा खाली उतरली नाही.

ड चा र

आता कुणी विचारेल, अडक्काचं अरेका कसं झालं? ड कुठे आणि र कुठे?

यासाठी तोंडात जीभ कुठे जाते ते पाहावं लागतं. 'डबा' म्हणा. जीभ टाळूला टेकते, क्षणभर हवा अडते, मग सुटते. आता 'घोडा' म्हणा, नेहमीच्या वेगानं. इथे जीभ टाळूला ठामपणे टेकत नाही, नुसती चापट मारून खाली येते. दोन स्वरांमधला ड असा सैल होतो. हिंदीवाले त्यासाठी अक्षराखाली नुक्ता देतात, आपण देत नाही, पण उच्चार बऱ्याचदा तोच करतो. ज्याच्या भाषेत टाळूचा ड नाहीच अशा माणसाला ही चापट कशी ऐकू येईल? त्याच्याकडच्या ध्वनींपैकी सगळ्यांत जवळचा म्हणजे र.

हे काही पोफळीपुरतंच घडलेलं नाही. आपली साडी इंग्रजीत गेली आणि 'सारी' झाली. कौडी गेली आणि 'कौरी' झाली. अडक्काची अरेका त्याच नियमानं. फरक एवढाच की साडी गेली इंग्रजांबरोबर आणि अरेका त्यांच्या कितीतरी आधी, पोर्तुगीजांच्या काळात.

पोर्तुगीजांमध्ये या बाबतीत सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे गार्सिया द ओर्ता. गोव्यात वैद्यकी करणारा हा ज्यू वंशाचा डॉक्टर. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्यानं होतं, ही आपल्या दृष्टीनं आणखी एक गमतीची गोष्ट. भारतातल्या औषधी द्रव्यांवर त्यानं संवादरूपात लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. ओर्ता प्रत्येक वस्तूची वेगवेगळ्या लोकांतली नावं विचारून लिहायचा. सुपारीबद्दल तो सांगतो की अरब तिला 'फौफल' म्हणतात, गुजरात आणि दख्खनमध्ये 'सुपारी', मलबारात 'पाक', आणि नायर लोक, म्हणजे तिथले प्रतिष्ठित, 'अरेका' म्हणतात. 'पाक' हा तमिळ 'पाक्कु'. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये सुपारी हा शब्द रुळलेला होता, आणि युरोपीयांपुढे चार-पाच नावांचे पर्याय होते. त्यांतून अरेका निवडलं गेलं, कारण त्यांची सुरुवातीची वर्षं मलबारच्या किनाऱ्यावर गेली. उद्या पोर्तुगीज आधी चौलला उतरले असते, तर वनस्पतिशास्त्रात आज 'सुपारिया' नावाचा वंश असता असं मला उगाच वाटतं.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्यानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्यावर गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा ठपका ठेवून त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर युरोपभर पोचलं होतं.

पानाचं नाव सुपारीला

इंग्रजीत सुपारीला 'बीटल नट' म्हणतात. यात सुपारीचा काहीच वाटा नाही. बीटल हे नागवेलीच्या पानाचं नाव. मल्याळममध्ये विड्याच्या पानाला 'वेट्टिला' म्हणतात, 'वेरुम इला' म्हणजे साधं, नुसतं पान. पोर्तुगीजांनी त्याचं 'बेटेल' केलं आणि इंग्रजांनी बीटल. नागवेल ही मिरीच्या कुळातली वेल. तिचं पोफळीशी वनस्पतिशास्त्रात दूरचंही नातं नाही. दोघं भेटतात ती थेट माणसाच्या तोंडात. पण सुपारी नेहमी त्या पानाबरोबर दिसते म्हणून ती 'पानाची बी' ठरली. खोबरं करंजीत घालतात म्हणून नारळाला करंजीफळ म्हणावं, तसं.

इंग्रजांना हसण्याआधी आसामकडे पाहायला हवं. तिथे पाहुण्याला पान-सुपारी देतात, तिला 'तामोल-पान' म्हणतात. यातला 'तामोल' म्हणजे सुपारी. शब्द अर्थातच 'ताम्बूल'वरून आलेला. आणि ताम्बूल? मुळात तेही पानाचंच नाव. संस्कृतात हा शब्द आग्नेय आशियाई भाषाकुळातून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. ख्मेर भाषेत विड्याच्या पानाला 'म्लू' म्हणतात, थाईमध्ये 'फ्लू'. ताम्बूलमधला 'बूल' त्यांचाच नातेवाईक. म्हणजे पानाचं परदेशी नाव संस्कृतात येऊन अख्ख्या विड्याचं झालं, मराठीत ते विकणाऱ्याला तांबोळी म्हणू लागले, आणि आसामपर्यंत जाता जाता ते सुपारीवर जाऊन बसलं. इंग्रजांनी केलेली अदलाबदल आसामी भाषेनं स्वतंत्रपणे केलेलीच होती.

आसामचा विषय निघालाच आहे तर गुवाहाटीही सांगून टाकू. सुपारीला संस्कृतात 'गुवाक' असाही शब्द आहे. आसामीत 'गुवा'. गुवा आणि हाट मिळून गुवाहाटी, म्हणजे सुपारीचा बाजार, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. मलेशियातलं पेनांगही असंच. मलय भाषेत सुपारी म्हणजे 'पिनांग', आणि 'पुलाउ पिनांग' म्हणजे सुपारीचं बेट. त्या राज्याच्या झेंड्यावर आजही पोफळीचं झाड आहे. हाच पिनांग चिनी भाषेत जाऊन 'बिनलांग' झाला.

प्रशांत महासागरात आणखी पुढे गेलं की नावं एकदम साधी होतात. पापुआ न्यू गिनीत सुपारीला 'बुआई' म्हणतात. मलयमध्ये 'बुआह' म्हणजे कुठलंही फळ. त्या बेटांच्या विशाल भाषाकुळात 'फळ' या अर्थाचा मूळ शब्दच बऱ्याच ठिकाणी सुपारीचं नाव झाला. जणू फळ म्हटलं की हेच, दुसरं नाव कशाला. ग्वाम बेटावर त्याच शब्दाचं रूप 'पुगुआ' आहे. हे वाचल्यावर आपल्या कानाला लगेच 'पूग' ऐकू येतं आणि छाती फुगते. पण थांबा. ग्वामच्या भाषेत जुन्या 'व'सारख्या ध्वनीच्या जागी नियमानं 'ग्व' येतो आणि 'ब'चा 'प' होतो. तो ग तिथल्या घरचा आहे. त्यावरून संस्कृत ग्वामला पोचली असं म्हणणं म्हणजे पुन्हा माझ्या लहानपणीचा अडकित्ता. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नसतं. मधल्या प्रत्येक पायरीला ध्वनी कसा बदलला ते दाखवता आलं पाहिजे.

काथाचं नावही सुपारीलाच

अरेका कॅटेचू या नावाचा दुसरा अर्धा भाग तर कहर आहे. 'कॅटेचू' म्हणजे काथ. आणि काथ होतो खैरापासून. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून जो लाल-तपकिरी गोळा मिळतो तो काथ. संस्कृतातल्या 'क्वाथ' या शब्दाचा तो वारसदार. सर्दी झाली की आपण घेतो तो काढाही त्याच क्वाथाचा. दोन्हीकडे मूळ क्रिया एकच, उकळून अर्क काढणं.

युरोपातल्या औषधवाल्यांना सतराव्या शतकात हा पदार्थ पूर्वेकडून यायचा. तो काय आहे हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. दिसायला मातीच्या ढेकळासारखा, आला जपानच्या बाजूनं अशी समजूत, म्हणून नाव पडलं 'तेर्रा जापोनिका', जपानी माती. पुढे लक्षात आलं की ही माती नाही, वनस्पतीचा अर्क आहे. कानडी-तमिळमधला 'काचु', मलयमधला 'कचु' अशा नावांतून 'कॅटेचू' हे लॅटिन रूप तयार झालं. पण कुठल्या झाडाचा अर्क? दक्षिणेत सुपारी उकळूनही तसाच एक गडद अर्क काढत असत. काथ आणि सुपारी नेहमी एकत्र विकली जायची. त्यातून हा अर्क पोफळीचाच, अशी अटकळ बांधली गेली.

स्वीडनच्या कार्ल लिनेयसनं १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत रूढ केली, तेव्हा त्यानं पोफळीला हेच नाव दिलं. तो स्वतः कधी भारतात आला नाही. मलबारच्या वनस्पतींसाठी त्याची मोठी भिस्त होती एका डच ग्रंथावर, 'होर्तुस मलबारिकुस'वर. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेले त्याचे बारा खंड. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड यानं ते करवून घेतले. त्यात पोफळ 'कौंगा' या नावानं आहे, म्हणजे मल्याळम कवुंग. इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी त्या कामात मदत केली. या तिघांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. झाडाचं बरोबर स्थानिक नाव असं लिनेयसच्या समोर होतं. त्यानं घेतलं मात्र फळाचं नाव, आणि त्याला जोडला खैराचा काथ.

पुढे खरा काथ खैराचा हे स्पष्ट झालं. लिनेयसच्याच मुलानं १७८० च्या दशकात खैरालाही 'कॅटेचू' हे उपनाव दिलं. आता दोन्ही झाडं एकच उपनाव लावून बसली आहेत. मग चूक दुरुस्त का करत नाहीत? कारण वनस्पतींच्या नामकरणाचा नियमच तसा आहे: एकदा रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव केवळ अर्थानं चुकीचं आहे म्हणून बदलता येत नाही. कारण साधं आहे. अर्थ बरोबर की चूक यावर भांडत बसलं तर दर पिढीला नावं बदलतील आणि कोण कुठल्या झाडाबद्दल बोलतंय तेच कळेनासं होईल. नाव ही खूण आहे, वर्णन नव्हे. आपल्याकडच्या सगळ्याच 'सुहास'चं हसू कुठे गोड असतं?

जाता जाता: ग्रीन टीच्या डब्यावर 'कॅटेचिन' हा शब्द दिसतो ना, तोही याच कॅटेचूवरून. पहिल्यांदा तो पदार्थ काथातून मिळाला म्हणून. तब्येतीसाठी विडा सोडून ग्रीन टी घेणाऱ्यांच्या कपात काथ नावानं का होईना शिल्लक आहे.

'अरेका'ची मजल आणखी मोठी. माड, खजूर, ताड, वेत, सागोचा पाम अशा साऱ्या ताड-माडांच्या कुळाला, सुमारे २,५०० जातींच्या कुळाला, वनस्पतिशास्त्रात 'अरेकेसी' म्हणतात. वनस्पतींच्या कुळाला त्यातल्याच एखाद्या वंशावरून नाव देतात, आणि इथे मान पोफळीला मिळाला. कल्पवृक्ष नारळाचा, पण कुळाचं नाव सुपारीचं. मलबारच्या बाजारातल्या एका शब्दाच्या वाट्याला आलेली ही बढती.

सुपारी फुटते तेव्हा

मराठीत झाडाकडे 'पोफळ' राहिलं आणि बाजारात, देवघरात, बोलण्यात 'सुपारी' चालू लागली. लग्न ठरलं की 'सुपारी फुटली' म्हणतात. मलयमध्ये मुलीला मागणी घालणं या क्रियापदाचं रूप आहे 'मेमिनांग', सरळ पिनांगवरून आलेलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता लग्नाची बोलणी सुपारीवर नेऊन ठेवली. तमाशाच्या फडाला कार्यक्रमाचं आगाऊ ठरवणं म्हणजे सुपारी देणं. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. शब्द दिला, बांधील झालो, याची ती खूण. मुंबईच्या गुन्हेगारी जगानं हाच शब्द उचलला आणि त्याला रक्ताचा वास लागला. आता वर्तमानपत्रात 'सुपारी' वाचलं की तमाशा आठवत नाही. गणपतीच्या जागी पाटावर बसणाऱ्या सुपारीला हे दिवस बघावे लागले.

दुसरी वाईट बातमी शब्दाची नाही, वस्तूची आहे. सुपारीत 'अरेकोलीन' नावाचं द्रव्य असतं. त्याचंही नाव अरेकावरूनच. सुपारी चघळल्यावर अंगात येणारी ऊब, सुटणारं पाणी, हलकी तरतरी ही त्याची कामगिरी. चुन्यामुळे ते लवकर सुटं होतं, म्हणून तर विड्यात चुना. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही. सतत खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा घट्ट होत जाते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ऐकलं असतं असंही नाही.

आता शेवटची अदलाबदल, आणि ही आपल्या दाराशी चालली आहे. शहरातल्या कुठल्याही नर्सरीत, ऑफिसच्या लिफ्टशेजारी, हॉटेलच्या दारात कुंडीत 'अरेका पाम' दिसतो. पिवळसर देठांचा, एकाच कुंडीत दाटीनं वाढलेल्या बारीक काठ्यांचा. तो अरेका नाही. तो मादागास्करचा पाम आहे, वेगळ्या वंशाचा. त्याला कितीही वर्षं पाणी घाला, सुपारी लागणार नाही. पोफळ एकाच खोडावर वाढते, त्याच्यासारखं बेट करत नाही, हे लक्षात ठेवलं तर फसगत टळते. अंगणात खरीखुरी अरेका लावायची असेल तर नर्सरीवाल्याकडे अरेका मागू नका, 'सुपारीचं रोप आहे का' असं विचारा. कोकणात असाल तर 'पोफळीचं' म्हणा, गोव्यात 'माडीचं' म्हटलं तरी चालेल, तिथे माड म्हणजे नारळ आणि माडी म्हणजे पोफळ. फक्त हे घाटावरच्या कुणाला सांगू नका, तो ग्लास घेऊन येईल.